वीरगळ खालून वर वाचायचा

बोरिवली पश्चिमेला एकसर भागात काही उंच कोरीव दगड उभे आहेत. हे वीरगळ. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचं स्मारक, आणि ते खालून वर वाचायचं असतं. तळाच्या पट्टीत युद्ध, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, आणखी वर शिवलिंगापुढे बसलेला तोच वीर. एकसरच्या दगडांवर मात्र वल्ह्यांची जहाजंही कोरलेली आहेत. हे समुद्रावरचं युद्ध आहे.

कोणाचं? अनेक अभ्यासक सांगतात, १२६५च्या सुमाराचं: देवगिरीचा महादेव यादव आणि उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यातलं. सोमेश्वर समुद्रात बुडाला, असं हेमाद्रीनं, म्हणजे आपल्या हेमाडपंतानं, लिहून ठेवलंय. पण हेमाद्री यादवांचाच मंत्री! दगडांवर लेख नाही, म्हणून काहींच्या मते ते आणखी जुने आहेत. साक्ष कोणाची, ती कोणाच्या पदरची, आणि दगड स्वतःहून किती सांगतो, हे विचारता येऊ लागलं की इतिहासाची तोंडओळख झाली. मला ही ओळख फार मोलाची वाटते, आणि ती चाळिशी-साठीत झाली तरी उशीर झाला असं मी मानत नाही.

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्यांसाठी या ओळखीच्या वाटा आहेत. मुंबई विद्यापीठानं १९७१मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं. कलिन्याहून चालणाऱ्या त्या विभागामुळे नोकरी सांभाळून बीए करता आलं. १९८९मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठानं ‘पूर्वतयारी’ हा शिक्षणक्रम काढला आणि बारावी न झालेल्यांनाही पदवीचं दार उघडलं. फुले दांपत्यानं १८५५मध्ये शेतकरी-मजुरांसाठी काढलेल्या रात्रशाळेशी या प्रयत्नांचं नातं आहे.

पण घरपोच पुस्तक आलं तरी बोलायला माणूस लागतं. म्हणून मला वर्ग आणि पायपीट यांची जोड अधिक भावते. मुंबई विद्यापीठाचा बहिःशाल विभाग आणि पार्ल्याच्या साठये महाविद्यालयाचा प्राचीन भारतीय संस्कृती विभाग यांनी मिळून गेल्या दशकात साष्टीचं, म्हणजे ही उपनगरं ज्या बेटावर आहेत त्याचं, सर्वेक्षण हाती घेतलं. वीरगळ, गधेगाळ म्हणजे शाप कोरलेले दगड, मंदिरांचे भग्न अवशेष, असं वस्त्यांमध्ये विखुरलेलं बरंच काही नोंदलं गेलं. अशा पायपिटीला जोड देणारे वाचनगट मुलुंड-घाटकोपरच्या ग्रंथालयांतही संध्याकाळी सहज बसू शकतील. खुर्च्या आहेत, पुस्तकं आहेत.

प्रौढ विद्यार्थी रिकाम्या हातानं येत नाही, हे शिकवणाऱ्यांनी ओळखायला हवं. एकसरला कोळीवाड्यातला माणूस आधी वल्ही पाहील, ती कशी धरलीत ते पाहील. कान्हेरीला तर याहून मोठी गंमत आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या या ठिकाणी शंभराहून अधिक लेणी आहेत. एका लेण्यात अकराव्या शतकात आलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवीत आपली नावं कोरली आहेत, आणि ब्राह्मी लेखांत दात्यांनी ठेवलेल्या ‘अक्षयनीवी’चा उल्लेख येतो. मुद्दलाला हात लावायचा नाही, त्याच्या उत्पन्नातून भिक्षूंना दरवर्षी चीवरं द्यायची. आयुष्यभर बँकेच्या काउंटरवर बसलेल्या बाईंना ही ओळ समजावून सांगावी लागत नाही. उलट ठेव कोणाकडे होती आणि व्याज किती, हे त्याच आधी विचारतात.