घरात केबल आहे, वाय-फाय वाढवायचंय? नंबर वाटणारा राउटर एकच ठेवा

आज थेट कामाचं बोलूया.

खाली दुकान, वर घर. सांगलीत अशी घरं बरीच. खालच्या राउटरला कॉम्प्युटर, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर वायरने जोडलेला असतो, पण वरच्या खोलीत मोबाईलला वाय-फाय मिळत नाही. साताऱ्यातल्या जुन्या घरांच्या जाड दगडी भिंतींतही तीच गत. मग आपण वर केबल नेतो आणि दुसरा राउटर लावतो. मला मित्रांचे फोन येतात ते त्यानंतर: "नेट चालतंय रे, पण प्रिंटर सापडत नाही!"

असं का होतं? घरातल्या प्रत्येक मोबाईलला, कॉम्प्युटरला राउटर एक नंबर देतो, म्हणजे आयपी ॲड्रेस. नंबर वाटायच्या या कामाला डीएचसीपी म्हणतात. नव्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये केबल खोचली, की तो वरच्या मजल्याचं वेगळं नेटवर्क बनवतो. म्हणून खालचा प्रिंटर मोबाईलला आपोआप सापडत नाही. आणि डीएचसीपी चालू ठेवून लॅन पोर्टमध्ये खोचली, तर नंबर वाटणारे दोघं होतात. मग नेट कधी चालतं, कधी नाही.

तेव्हा नव्या राउटरला फक्त वाय-फाय पसरवायचं काम द्या. सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा, काम झालं. नसेल तर घरची केबल न जोडता हे करा:

१. राउटर रीसेट करा. त्याच्या वाय-फायला मोबाईल जोडा आणि खालच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडा.

२. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड बदला. सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा. ॲडमिन पासवर्डही बदला.

३. लॅन आयपी बदला. मुख्य राउटर 192.168.1.1 असेल तर याला 192.168.1.2 द्या. मुख्य राउटर हा नंबर दुसऱ्या कुणाला वाटत नाही ना, ते त्याच्या डीएचसीपी रेंजमध्ये बघून घ्या.

४. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून डीएचसीपी बंद करा. हे शेवटीच.

५. आता मुख्य राउटरच्या लॅनमधून नव्या राउटरच्या लॅनमध्ये केबल जोडा. वॅन पोर्ट रिकामा.

दोन्हीकडे वाय-फायचं नाव-पासवर्ड सारखंच ठेवलंत, तर जिना चढताना मोबाईल शक्यतो स्वतःच राउटर बदलतो. 2.4 गिगाहर्ट्झवर चॅनेल मात्र वेगळे घ्या: 1, 6 आणि 11 पैकी दोन. केबल 100 मीटरच्या आत हवी.

दोन गोष्टी आपल्याकडच्या. लाईट गेली की दोन्ही राउटरना बॅकअप लागतो. वरचा चालू आणि खालचा बंद, तर नेट नाहीच. आणि सांगलीकरांनो, 2019 चा पूर आठवतोय ना? नदीकाठच्या भागात राहत असाल तर मुख्य राउटरच वरच्या मजल्यावर घ्या आणि दुकानात दुसरा लावा.

सगळं झाल्यावर वरच्या खोलीतून एक प्रिंट काढून बघा. निघाली, की जमलं! भेटू पुढच्या भागात.