शिकागोच्या वर्गातला कापूस

आमच्या विदर्भातल्या मुकुटबनच्या पोरांना कापूस काय असतो ते शिकवावं लागत नाही. दिवाळीनंतर वर्ग अर्धा रिकामा असतो. पोरं वेचणीला गेलेली असतात. त्यामुळे ‘कृतीतून शिक्षण’ हे शब्द शिक्षक-प्रशिक्षणात ऐकले की मला हसू येतं. कृतीला इथं काय तोटा?

ज्यांच्या नावानं हे शब्द चालतात ते अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्युई (१८५९–१९५२). १८९६ मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा काढली. तिथं परीक्षानळ्यांऐवजी मुलं होती. स्वयंपाक, सुतारकाम, विणकाम यांतूनच गणित आणि इतिहास. तिथल्या कापसाच्या तासाबद्दल ड्युईंनी ‘द स्कूल अँड सोसायटी’ (१८९९) मध्ये लिहिलंय. मुलांनी अर्धा तास सरकी सोडवली, तर हाती रुई आली एका औंसाच्या, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅमच्या आत. जिनिंगचं यंत्र नव्हतं तेव्हा लोक कापूस सोडून लोकर का वापरत, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

आमची पोरं याहून कितीतरी जास्त कापूस हाताळतात. बोंडाची टोकं बोटांना टोचतात, संध्याकाळी किलोवर मजुरी मिळते, आणि तिथंच ते संपतं. प्रत्येक अनुभव शिकवतोच असं नाही, हे ड्युईंनी १९३८ च्या पुस्तकात बजावलंय. काम करता करता प्रश्न पडायला हवा, आणि तो धरून ठेवायला कुणीतरी हवं.

याच ड्युईंकडे बाबासाहेब कोलंबियात (१९१३–१६) शिकले. आपल्या विदर्भात मात्र ही कल्पना गांधीजींच्या वाटेनं आली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत त्यांनी हस्तोद्योगातून शिक्षण मांडलं, झाकिर हुसेन समितीनं आराखडा केला, सेवाग्रामात आर्यनायकम दांपत्यानं हीच ‘नई तालीम’ चालवली. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा, असं गांधीजींना वाटे. कमाईच्या नादात शिक्षण मागे पडेल, हा इशारा समितीनंच देऊन ठेवला होता. मला तो फार पटतो. पोराच्या हातचे पैसे दिसू लागले की शाळा हरते, हे आमच्याकडं दर हंगामात दिसतं.

सातवीच्या वर्गात आम्ही बाकागणिक शंभर ग्रॅम कापूस वाटला, किराणा दुकानातून मागून आणलेल्या काट्यावर तोलून. सरकी काढल्यावर रुई भरली तेहतीस-चौतीस ग्रॅम. टक्केवारी शिकवायला पुस्तक उघडायच्या आतच एकीनं विचारलं, “मॅडम, मग सरकीचे पैसे कोणाले भेटते?”

सरकीचं तेल निघतं, उरते ती गुरांना घालायची ढेप, हे सांगितलं. मागून आवाज आला, “म्हंजे आपल्याच सरकीची ढेप आपुनच इकत घेतो?”

दुसऱ्या दिवशी काहीजण घरून ढेपेचा भाव विचारून आले. हिशेब वहीत दोन पानं चालला. कापसाच्या भावात सरकीचे पैसे पुरते धरलेले असतात की नाही, यावर वर्गात अजून एकमत नाही.