सांडपाण्याची संमती आणि आपली दमणगंगा

स्मरणिकेत बालरोगतज्ज्ञाने गोवर, अतिसार किंवा लसीकरण यांवर लिहावे, अशी वाचकांची अपेक्षा असते. यंदाचा माझा विषय कायद्याचा आहे. परंतु त्याचा आरंभ दवाखान्यातच होतो.

नदीकाठच्या एका पाड्यावरील आई आपल्या दीड वर्षाच्या मुलाला तिसऱ्यांदा जुलाबासाठी घेऊन आली. "पाणी उकळून द्या," असे मी नेहमीच्या सवयीने सांगितले. ती म्हणाली, "उकळतो डॉक्टरसाहेब, पण वास जात नाही." मी निरुत्तर झालो. उकळल्याने जंतू मरतात. शिसे, क्रोमियम किंवा नायट्रेट जात नाहीत, उलट पाणी आटल्यावर त्यांचे प्रमाण किंचित वाढतेच. त्या मुलाचा आजार कारखान्याच्या पाण्यामुळे होता असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा माझ्यापाशी नाही.

मात्र शरीरशास्त्र निर्विवाद आहे. तान्हे मूल दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १५० मिलिलिटर द्रव घेते, प्रौढ ३० ते ३५. पोटात गेलेल्या शिशापैकी बालकाचे शरीर ४० ते ५० टक्के शोषून घेते, प्रौढाचे सुमारे १० टक्के. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम; नदीत सोडावयाच्या सांडपाण्यात मात्र ०.१. हा दहापट फरक नदीने विरळ करावा, असे गृहीत धरलेले आहे. पावसाळ्यात ती करीलही. मे महिन्यात मधुबन धरणाखालच्या पात्रात किती पाणी असते, हे सिल्वासाकरांना मी सांगावयास नको.

म्हणून १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यातील पूर्वसंमतीचे महत्त्व. सांडपाणी सोडण्यापूर्वी प्रत्येक कारखान्याने परवानगी घ्यावी आणि तिच्या अटी पाळाव्यात, ही त्यातील मूळ कल्पना. फेब्रुवारी २०२४ मध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली. काही वर्गांतील उद्योगांना संमतीतून सूट देण्याचा अधिकार केंद्राकडे आला आणि प्रदूषक द्रव्य पाण्यात सोडण्याबद्दलचा कारावास जाऊन १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला. ही दुरुस्ती प्रथम हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली. त्या दोन राज्यांच्या विधानसभांनी तसे ठराव केले होते. आपल्याला विधानसभाच नाही. त्यामुळे ठरावही नाही आणि तो अडविणारे कोणी नाही.

राष्ट्रपतींना विधेयक परत पाठविता येते. १९८६ च्या टपाल विधेयकावर ग्यानी झैलसिंग यांनी सहीच केली नव्हती. पाण्याच्या बाबतीत असे घडले नाही. अमेरिकेत उलटा प्रकार झाला. १९७२ मध्ये सांडपाण्याच्या परवान्यांचा कायदा राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी खर्चाचे कारण देऊन नाकारला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या काँग्रेसने दोन-तृतीयांशांहून अधिक मतांनी तो नकार मोडून काढला.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, नोव्हेंबर २०२४ मध्ये सूट मिळाली ती 'श्वेत' वर्गास. २०१६ च्या वर्गवारीत त्यात सायकली आणि बाबागाड्यांची जुळणी येते. बाबागाडीवर माझा राग असण्याचे कारण नाही! रंगाई, रसायने वा धातुकाम यांना संमती आजही लागते. माझी चिंता दंडाची आहे. मोठ्या कारखान्यास १५ लाख हा गुन्ह्याचा खर्च न वाटता धंद्याचा खर्च वाटू शकतो. शिवाय वर्ग ठरविणारे दूर बसतात आणि पाणी येथे वाहते.

याच कायद्याच्या कलम २५ मध्ये एक तरतूद आहे, जी आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असावी. संमतीच्या अटींची नोंदवही ठेवणे बंधनकारक असून बाधित वा संबंधित व्यक्तीस ती पाहता येते. आपल्याकडे हे काम प्रदूषण नियंत्रण समितीचे. नदीकाठची मुले तपासणारा वैद्य 'संबंधित' ठरतो की नाही, हे विचारूनच कळेल. माझा अर्ज लिहून तयार आहे. कोणास सोबत यावयाचे असल्यास मंगळवारी दुपारी माझा दवाखाना बंद असतो.