बसमधून युरोप : पैसे भरण्यापूर्वी

गेल्या महिन्यात रविवारची मिस्सा आटोपल्यावर इंद्रवेल्लीचे एक वयोवृद्ध दांपत्य आमच्यापाशी येऊन थांबले. आजोबांच्या हाती एक गुळगुळीत, रंगीत पुस्तिका होती. नऊ देश, बारा दिवस, सर्व प्रवास वातानुकूलित बसने, सोबतीस मराठी बोलणारा मार्गदर्शक आणि दोन्ही वेळा भारतीय जेवण, असा तीत मजकूर होता. हैदराबादेस नोकरीला असलेल्या मुलाने निम्मी रक्कम देऊ केली होती. उरलेली कापसाच्या पैशांतून उभी करावयाची होती. आजोबा म्हणाले, "गुरुजी, रोमला संत पेत्राच्या मंदिरात एकदा गुडघे टेकायचे आहेत. ही गाडी आम्हांला तिथं नेईल ना?"

नेईल, असे आम्ही सांगितले आणि ते खरेही आहे. परंतु काही वर्षांपूर्वी अशाच एका स्वस्त बसयात्रेने आम्ही स्वतः युरोप पाहिलेला असल्यामुळे, तेवढ्या एका शब्दावर त्यांना घरी पाठविणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. त्या सायंकाळी जे त्यांना सांगितले तेच येथे लिहीत आहोत. कारण अशा पुस्तिका आता आपल्या खेड्यापाड्यांतही येऊ लागल्या आहेत.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. अशा यात्रांना नाके मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. ज्याला मराठी व तेलुगू येते पण इंग्रजी येत नाही, ज्याने आदिलाबाद, नांदेड आणि हैदराबाद ह्यांपलीकडचे स्थानक पाहिलेले नाही, त्याने पॅरिसच्या भुयारी रेल्वेत एकट्याने वाट शोधावी असे म्हणणे सोपे आहे. पन्नास माणसे एकत्र आली की एका बसचे भाडे, एका मार्गदर्शकाचा पगार पन्नास ठिकाणी वाटला जातो. ही युक्ती काही आजची नव्हे. १८४१ च्या जुलैत टॉमस कुक नावाच्या बाप्तिस्त प्रचारकाने सुमारे पाचशे लोकांना लेस्टरहून लफबरोस आगगाडीने नेले. दारूबंदीच्या सभेस जाण्यासाठी ती सफर होती, आणि भाडे होते एक शिलिंग! आपल्या कॅथलिक यात्रेकरूंचा इतिहास तर त्याहून जुना आहे. पंधराव्या शतकात व्हेनिसचे जहाजमालक पवित्र भूमीच्या यात्रेकरूंशी ठराव करीत : जहाजावरील जागा, दिवसातून दोन जेवणे आणि वाटेतील कर ह्यांसह एकच रक्कम. उल्म नगरीचे डॉमिनिकन संन्यासी फेलिक्स फाब्री १४८० साली असेच गेले. तेथे त्यांना इतक्या घाईने फिरविण्यात आले की समाधान न होऊन ते १४८३ मध्ये पुन्हा निघाले. घाईची तक्रार एवढी पुरातन आहे!

आता पुस्तिकेकडे वळू. नऊ देश कोणते? फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, लिख्टेनस्टाईन, ऑस्ट्रिया, इटली आणि व्हॅटिकन. लिख्टेनस्टाईनचे क्षेत्रफळ अवघे १६० चौरस किलोमीटर. तेथे बस तासभर थांबते आणि एक देश जमेस धरला जातो. व्हॅटिकनचे म्हणाल तर ४४ हेक्टर. देशांची संख्या पाहून कोणी हुरळून जाऊ नये.

त्याहून महत्त्वाचे आहे ते पुस्तिकेतील क्रियापद. 'आत जाऊन पाहणे', 'बाहेरून पाहणे' आणि 'बसमधून पाहणे' ह्या तीन अगदी भिन्न गोष्टी आहेत, आणि छपाईत त्या एकमेकींसारख्याच दिसतात. कोलोन येथे आमची बस महामंदिरानजीक छायाचित्रांसाठी वीस मिनिटे थांबली. १२४८ साली पाया घातलेले आणि १८८० साली पूर्ण झालेले ते मंदिर, १५७ मीटर उंचीचे त्याचे मनोरे! आमच्या गटातील बहुतेकांची वीस मिनिटे मनोरे चित्रात मावविण्यातच गेली. बाळ येशूच्या दर्शनास पूर्वेकडून आलेल्या तीन राजांचे मानले जाणारे अवशेष तेथील सुवर्णपेटिकेत आहेत, ११६४ साली ते मिलानहून आणले गेले, हे बस पुढे निघाल्यावर एका सहप्रवाशाने वाचून दाखविले. ज्यांच्या मूर्ती आपण दर नाताळास गोठ्यात मांडतो, त्यांच्या दारापर्यंत जाऊन आम्ही परतलो होतो.

ह्यात मार्गदर्शकाचा दोष होता असे आम्हांस वाटत नाही. पुष्कळ प्रवासी त्याच्यावर चिडत. परंतु बस ही चालकाच्या घड्याळावर चालते, हे ठाऊक नसल्यामुळे चिडत. युरोपियन संघाच्या २००६ च्या नियमानुसार चालकाला साडेचार तास गाडी चालविल्यानंतर पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते. दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक, आणि आठवड्यातून फक्त दोनदा दहा तासांहून अधिक, त्याने चाक हाती धरावयाचे नाही. रात्री सलग अकरा तास, क्वचित नऊ तास, विश्रांती हवी. गाडीतील एक यंत्र ह्या सर्वांची नोंद ठेवते आणि पोलीस ती तपासतात. आपल्याकडे रात्रभर गाडी हाकून पहाटे पुन्हा स्टिअरिंगवर बसणारे चालक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ह्या नियमाचे मोल सांगावयास नको. परंतु त्याचा अर्थ असा की, बारा दिवसांत पॅरिसपासून रोमपर्यंतचा पल्ला गाठावयाचा असेल, तर वाटेत कोठे अर्धा तास वाढवून मागणे जवळजवळ व्यर्थ असते. जे मिळवावयाचे ते निघण्यापूर्वीच कागदावर मिळविले पाहिजे.

स्वित्झर्लंडमध्ये एंगेलबर्ग येथे आम्ही पोहोचलो तो दिवस रविवारचा होता. तेथून टिटलिस ह्या ३,२३८ मीटर उंचीच्या हिमशिखराकडे दोरीवरून फिरते पाळणे जातात. वर हिंदी चित्रपटातील नट-नटीच्या उभ्या प्रतिकृती आहेत, आणि त्यांच्याशेजारी उभे राहण्यासाठी आपल्या लोकांची रांग लागते. बर्फ पाहून आम्हीही मुलांसारखे हर्षभरित झालो, हे लपवीत नाही. खाली उतरल्यावर गावात एक भव्य इमारत दिसली. हे काय, म्हणून विचारले, तेव्हा कळले की तो ११२० साली स्थापन झालेला बेनेदिक्तीन संन्याशांचा मठ! पाळण्याच्या स्थानकापासून पायी गाठता येईल इतका तो जवळ होता. आमच्या बसमध्ये वसईची चार कॅथलिक कुटुंबे होती. रविवारी सकाळी आम्ही सर्वजण एका मठाच्या सावलीत होतो आणि मिस्सा मात्र चुकली. तिची चौकशी आदल्या आठवड्यातच करावयास हवी होती. ती कोणीही केली नाही, आणि त्याचा दोष आम्ही इतर कोणावर टाकू शकत नाही.

पुढील दिवशी ऑस्ट्रियातून जाताना आमच्या मनात एक विचार आला. इंद्रवेल्लीच्या वाचकांना मार्लवाई गाव परिचित आहे. १९०९ साली व्हिएन्नात जन्मलेले क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हे पंडित १९४० नंतरच्या दशकात तेथे येऊन गोंड बांधवांत राहिले, त्यांची भाषा व चालीरीती त्यांनी अभ्यासिल्या. १९८७ साली त्यांच्या पत्नी बेट्टी निवर्तल्या, तेव्हा त्यांना मार्लवाईतच मूठमाती देण्यात आली. आणि १९९५ साली लंडनमध्ये निधन पावलेल्या हायमेनडॉर्फ ह्यांच्या अस्थीही २०१२ मध्ये तेथेच आणण्यात आल्या. एक व्हिएन्नाकर आपल्या डोंगरांत वर्षानुवर्षे रमला. आम्ही त्याचा देश एका दुपारी काचेतून पाहिला. तसेच केसलापूरचे. नागोबाच्या जत्रेपूर्वी मेश्राम कुळाचे लोक गोदावरीचे जल आणावयास अनवाणी चालत जातात. त्यांना कोणी सांगितले की बसमधून नदी दाखवितो, तर ते काय म्हणतील? असो.

आता पादुआची हकीकत. त्या रात्रीचा मुक्काम पुस्तिकेत 'व्हेनिस परिसर' असा छापला होता. स्वस्त यात्रांत हॉटेल शहरात नसते, शहराबाहेर महामार्गालगत असते. ह्यात फसवणूक नाही, दर कमी होतो तो ह्यामुळेच. पण 'परिसर' हा शब्द फार लवचीक आहे. रात्री उशिरा जेवून खोलीत गेलो. टेबलावर हॉटेलचे पत्र्याचे ताट, त्यात पत्त्याचे कार्ड. त्यावर लिहिले होते पादोवा. म्हणजेच आपले पादुआ, संत अंतोनीचे पादुआ! १२३१ साली ज्या संताने देह ठेवला आणि हरवलेल्या वस्तूसाठी ज्याचा धावा आपल्या घराघरांत होतो, त्याची समाधी आमच्या खिडकीपासून काही किलोमीटरांवर होती.

वसईकर मंडळींपैकी एका बाईंचा संत अंतोनीला नवस होता. आपल्या यात्रेत पादुआ नाही असे समजून त्यांनी मनाची समजूत घातलेली होती. कार्ड पाहताच त्या खाली धावल्या. मंदिर रात्री बंद. सकाळी सात वाजता बस फ्लॉरेन्सकडे निघणार. मार्गदर्शकाने चालकाला विचारून पाहिले. चालकाने घड्याळाकडे व यंत्राकडे बोट दाखविले. त्या दिवशी फ्लॉरेन्स, पिसा आणि पुढचा मुक्काम इतके अंतर तोडावयाचे होते. सकाळी सामान बसच्या पोटात चढत असता त्या बाई वाहनतळाच्या कडेला, शहर जिकडे आहे असे स्वागतकक्षातील मुलाने सांगितले तिकडे तोंड करून, माळेची प्रार्थना म्हणत उभ्या होत्या. त्यांचे यजमान त्यांच्या पर्सला हात लावून म्हणाले, "चला, माणसं बसली." त्यानंतर दुपारपर्यंत त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. मुक्कामाच्या गावाचे नाव निघण्यापूर्वी आठ दिवस आधी त्यांना कळते, तर व्हेनिसची सायंकाळ सोडून, चौघांत भाड्याची मोटार करून, मंदिर बंद होण्याआधी त्यांना तेथे जाता आले असते. व्हेनिसमध्ये होडीच्या अर्ध्या तासाला ठरलेला दर ९० युरो आहे. ते पैसे त्यांनी आनंदाने मोटारीला दिले असते.

रोमविषयी थोडेच लिहितो, कारण तेथे जो पोहोचला त्याला आमच्या शब्दांची गरज नाही. संत पेत्राच्या महामंदिरात जाण्यास मूल्य नाही, मात्र तपासणीची रांग लांब असते आणि खांदे व गुडघे झाकलेले हवेत. लुगडे किंवा साडी नेसणाऱ्या आपल्या भगिनींना ही अडचण मुळीच नाही. पोपमहाशय रोममध्ये असले तर बहुधा बुधवारी सकाळी सार्वजनिक भेट देतात, तिची प्रवेशपत्रिका विनामूल्य असते. आणि रविवारी दुपारी बारा वाजता चौकात जमलेल्या लोकांसह प्रार्थना म्हणून आशीर्वाद देतात. आमची बस मंगळवारी दुपारी रोमला आली आणि बुधवारी सकाळी विमानतळाकडे निघाली. दुसऱ्या तारखेची तीच यात्रा एक दिवस मागेपुढे पडती, तर त्याच पैशांत पोपमहाशयांचे दर्शन घडले असते. म्हणून पुस्तिकेशेजारी दिनदर्शिका ठेवून रविवार कोठे पडतो, बुधवार कोठे पडतो हे पाहावे. शनिवारी सायंकाळची मिस्सादेखील रविवारचे कर्तव्य पूर्ण करते, आणि ती कोणत्याही कॅथलिक विधीची चालते. म्हणजे शनिवार सायंकाळ व रविवार मिळून दोन संधी आहेत. त्यांपैकी एक लेखी मागून घेणे मुळीच कठीण नाही.

खर्चाचे म्हणाल तर पुस्तिकेवरील आकडा हा आरंभ समजावा. शेंगेन व्हिसाचे शुल्क प्रौढांस ९० युरो आहे, तो न मिळाल्यास परत होत नाही. बोटांचे ठसे देण्यास हैदराबादेस जातीने जावे लागते. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. ह्यांपैकी काय रकमेत धरले आहे ते विचारावे. ब्रिटन ह्या व्हिसात येत नाही. चालक व मार्गदर्शक ह्यांची बक्षिसी, रस्त्यावरील शौचगृहाची नाणी, 'ऐच्छिक' म्हणून छापलेल्या आणि प्रत्यक्षात सारी बस जात असल्यामुळे टाळता न येणाऱ्या सफरी, हे सर्व निराळे. पासपोर्ट परतीच्या दिवसानंतर निदान तीन महिने चालू असावा.

इतके सांगून होईतो अंधार पडला होता. आजोबा गप्प झाले होते. आमच्या बोलण्याने त्यांचा उत्साह मावळला की काय, अशी आम्हांस भीती वाटली. आजींनी मात्र पुस्तिका आपल्याकडे ओढली आणि बारा दिवस बोटांवर मोजले. "नऊ देश कोणी मागितले? आम्हांला रोम पाहिजे, आणि अंतोनी बाबा वाटेत असतील तर ते," त्या म्हणाल्या. मग आजोबांनी खिशातून पेन काढून आमच्यापुढे ठेवले, आणि त्यांच्या सांगण्यावरून आम्ही कंपनीला पत्र लिहिले : प्रत्येक मुक्कामाचे गाव कोणते, दोन्ही रविवार कोठे, बुधवारी बस कोठे असेल, आणि ह्याहून कमी देशांची, इटलीत अधिक राहणारी यात्रा आपल्याकडे आहे काय. पहिली रक्कम उत्तर येईपर्यंत भरावयाची नाही असे ठरले. पत्र गेले आहे. कापूस अजून शेतात आहे, तेव्हा घाईही नाही.