तारापूरची हवा आणि पाळीवरचा माणूस

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक पट्ट्याला ७२.०१ गुण होते. २०१८मध्ये ते ९३.६९ झाले आणि देशातला सर्वांत प्रदूषित औद्योगिक पट्टा म्हणून तारापूरचं नाव लागलं. मधली वर्षं रिकामी गेली नव्हती. धुरांड्यांना वायू धुऊन काढणारे स्क्रबर लागले, सांडपाण्यावर ऑनलाइन मीटर आले, काही कारखान्यांनी पाणी आटवून पुन्हा वापरायची यंत्रणा बसवली. २५ एमएलडीचं (दिवसाला अडीच कोटी लिटर) सामायिक सांडपाणी केंद्र अपुरं पडत होतं म्हणून ५० एमएलडीचं नवं केंद्र हाती घेतलं गेलं. तरीही किनाऱ्यावरच्या मच्छीमारांसाठी अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला २०१६मध्ये राष्ट्रीय हरित लवादाचं दार ठोठावावं लागलं.

या सगळ्यात कामगाराला काय मिळालं, हे मात्र कुणी फारसं विचारलं नाही. मगाली डेल्मास आणि सांजा पेकोविच या संशोधकांनी फ्रान्समधल्या ५,२२० कंपन्या अभ्यासल्या. पर्यावरणाची मानकं स्वीकारणाऱ्या कंपन्यांत कामगारांची उत्पादकता १६ टक्क्यांनी जास्त दिसली. त्यांनी दिलेलं कारण मला अधिक मोलाचं वाटतं: अशा ठिकाणी प्रशिक्षण जास्त मिळतं आणि माणसं एकमेकांशी जास्त बोलतात.

तारापूर पट्ट्यातल्या बोईसरला नेमकं हेच अडतं. स्क्रबर बिघडला की पहिला ठसका रिॲक्टरजवळच्या माणसाला लागतो, आणि तो बहुधा कंत्राटी असतो. पाळी सुटल्यावर सालवड, पास्थळ, कुंभवलीच्या खोल्यांत तो त्याच हवेत झोपतो. पर्यावरण दिनाला गेटवर लावलेल्या रोपाने त्याला कामाचं समाधान कसं मिळणार? रात्रपाळीत डोळे चुरचुरले नाहीत, ड्रम उघडण्याआधी आत काय आहे ते कुणी सांगितलं, तर मिळेल. जानेवारी २०२०मध्ये बोईसरजवळच्या कोळवडे परिसरातल्या रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन माणसं गेली. त्यानंतर तर हे सांगणं प्रत्येक पाळीचं पहिलं काम व्हायला हवं होतं.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७मध्ये, कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आली. समोरचा धोका नजरेस आणून देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. त्या समितीत रिॲक्टरवरच्या कंत्राटी माणसाला जागा द्यावी. स्क्रबरमधला द्रव शेवटचा कधी बदलला, हे त्याने बैठकीत विचारावं आणि उत्तर इतिवृत्तात लिहिलं जावं. ठेकेदार बदलला तरी ती जागा त्याच्याकडेच राहिली पाहिजे.