एकच बांध, वर्षभर

पवन मावळातला एक बांध मी धरून ठेवला आहे. पुढे भाताची खाचरं, मध्ये एक आंबा, मागे तिकोना किल्ला. गावाकडचे ऋतू कॅमेऱ्यात पकडायचे तर दहा गावं हिंडण्यापेक्षा अशी एक जागा धरावी. ट्रायपॉड ठेवायच्या ठिकाणी दगडाची खूण करायची, लेन्स 35 मिलिमीटर की 50 ते वहीत लिहायचं आणि दर पंधरवड्याला तिथेच उभं राहायचं. चौकट तीच राहिली की मग ऋतूचा फरक उठून दिसतो.

सुरुवात वळवाने करा. मे महिन्यात तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वर चढते आणि दुपारनंतर ढगांचे मनोरे उभे राहतात. मागे काळंभोर आभाळ, पुढे खाचरावर तिरपं ऊन, हे दृश्य काही मिनिटंच टिकतं. नेमका तेव्हा कॅमेऱ्याचा मीटर फसतो. समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं आहे असं तो धरून चालतो, म्हणून काळं आभाळ राखाडी होतं आणि शेत पांढरंफटक पडतं. एक्सपोजर एक स्टॉप कमी करा. धुक्यात उलट, एक स्टॉप वाढवा.

विजेच्या बाबतीत मात्र धाडस नको. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. चमक आणि गडगडाट यांत 30 सेकंदांहून कमी अंतर असेल, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. ट्रायपॉड मिटून पक्क्या घरात जा. आंब्याखाली थांबू नका.

जूनमध्ये मृग लागतो, जुलैत लावणी. या दिवसांत पोलरायझर फिल्टर कामी येतो, पण तो डोळे उघडे ठेवून वापरावा. ओल्या पानांवर आभाळाची पांढरी चकाकी असते. कडी हळूहळू फिरवली की ती विरते आणि आतला हिरवा रंग वर येतो. पण चिखलणी झालेल्या खाचरात पाणी असतं, आणि त्यात उतरलेलं आभाळही त्याच फिरवण्यात पुसलं जातं. मला ते आभाळ हवं असतं, म्हणून लावणीच्या दिवसांत मी फिल्टर काढूनच ठेवतो. पाऊस स्वतः दिसायला हवा असेल तर मागे गर्द झाडी ठेवा आणि शटर 1/60च्या आसपास. धारा रेघांसारख्या उमटतात.

हस्ताच्या सरींनंतर भात पिवळा पडू लागतो. थंडीत निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन उष्णता सोडते, गार हवा खोलगट भागात साचते आणि पहाटे तिथे धुकं धरतं. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पोहोचा.

उन्हाळ्यात अनेकजण कॅमेरा ठेवून देतात. माझ्या मते ही चूक आहे. पीक निघालं की बांधांच्या वळणदार रेषा उघड्या पडतात, भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजल्याचे काळे चौकोन दिसतात, धुराने डोंगर निळसर होतात. शेताचा सांगाडा पाहायला हेच दिवस चांगले.

शेतात शिरण्यापूर्वी मालकाला विचारा, लावलेल्या खाचरात पाय घालू नका. आणि वर्षअखेरीस त्यातला एक फोटो छापून त्याच्या घरी नेऊन द्या.