सिलिंडरची गोलाई कोण राखतं?

होंडाच्या बी१८सी इंजिनाचं हेड उतरवून ब्लॉकमध्ये वरून पाहिलं की नजर आधी मोकळ्या जागेवर जाते. चार सिलिंडर एका ओळीत उभे आहेत, त्यांच्याभोवती पाण्याची पोकळी आहे आणि माथ्याशी त्यांना बाहेरच्या भिंतीचा कसलाच आधार नाही. याला ओपन डेक म्हणतात. कारखान्याच्या बाजूने विचार केला तर ही रचना शहाणपणाची आहे. ॲल्युमिनियमचा ब्लॉक साच्यातून सहज सुटतो आणि जिथे सर्वांत जास्त आग, तिथे भरपूर पाणी पोचतं. पिस्टन घासतो तो मात्र ॲल्युमिनियमवर नाही, तर आत बसवलेल्या ओतीव लोखंडाच्या पातळ नळकांड्यावर. तेच लायनर किंवा स्लीव्ह.

इंटिग्रा टाइप आर या गाडीत हे १,७९७ सीसीचं इंजिन मिनिटाला ८,४०० फेऱ्यांपर्यंत जातं. म्हणजे पिस्टन सेकंदाला २८० वेळा पूर्ण थांबतो आणि उलट फिरतो. ८७.२ मिमीच्या त्या इवल्याशा वाटेवर त्याचा सरासरी वेग ताशी ८८ किलोमीटरच्या आसपास असतो. मूळचे लायनर हे सगळं वर्षानुवर्षं सोसतात. प्रश्न उभा राहतो तो टर्बो लावल्यावर, बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८१ वरून ८४ मिमीवर नेल्यावर.

आकडे मांडून बघू. टर्बो पेट्रोल इंजिनात ज्वलनाचा दाब १०० बारपर्यंत सहज जातो. ८४ मिमीच्या पिस्टनवर तेव्हा साडेपाच टनांहून जास्त भार पडतो, तोही एकेका सिलिंडरमध्ये सेकंदाला ७० वेळा. हाच दाब भिंतीलाही बाहेर ढकलतो. भिंत ३ मिमी जाडीची धरली तर तिच्यात सुमारे १४० मेगापास्कल ताण येतो. चांगलं साधं ओतीव लोखंड तुटायला साधारण २५० लागतात. मग लायनर का चिरतात?

कारण भिंत नुसती फुगत नाही, ती हलते. कनेक्टिंग रॉड सरळ उभा नसतो, स्ट्रोकच्या मध्यावर तो अठरा अंशांपर्यंत कलतो आणि पिस्टनला एका बाजूच्या भिंतीवर दाबतो. ओपन डेकमध्ये ती भिंत माथ्याशी मोकळी असल्याने किंचित झुकते. त्यात नॉकिंग सुरू झालं तर उरलेलं मिश्रण एकदम पेटतं आणि दाबाच्या लाटा या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहतात. एवढ्या व्यासाच्या सिलिंडरमध्ये त्या सेकंदाला सहा-सात हजार वेळा कंप पावतात. आपल्याला ऐकू येणारी टकटक तीच. सिलिंडर अंडाकार झाला, अगदी काही शतांश मिलिमीटरने, तरी रिंगा भिंतीचा पिच्छा पुरवू शकत नाहीत. वायू खाली निसटतो, तेल वर चढतं, हेड गॅस्केट जागचं हलायला लागतं. चीर पडते ती फार नंतर. म्हणून लायनर निवडताना मला तरी बाकी सगळ्याच्या आधी एकच विचारावंसं वाटतं: गोल आकार कोण जास्त काळ राखेल?

धातूपासून सुरुवात करू. साध्या ओतीव लोखंडात ग्राफाइट पापुद्र्यांच्या रूपात असतं. पापुद्रे तेल धरून ठेवतात, स्वतःही वंगणाचं काम करतात आणि उष्णता चांगली वाहून नेतात. पण त्यांची टोकं अणकुचीदार असतात आणि चीर तिथूनच निघते. १९४३ मध्ये, युद्धामुळे क्रोमियमची टंचाई असताना, न्यू जर्सीतल्या इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या प्रयोगशाळेत कीथ मिलिस पर्याय शोधत होते. त्यांनी वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम मिसळलं आणि ग्राफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात गोठलं! गोळीला टोक नसतं. कोल्हापूरच्या फौंड्र्यांत आज जे एसजी आयर्न रोज ओततात, ते हेच. त्याची ८०-५५-०६ ही प्रत ५५० मेगापास्कलपर्यंत ताण घेते आणि तुटण्याआधी सहा टक्के ताणली जाते. ठिसूळपणाबद्दल बदनाम असलेलं ओतीव लोखंड चिमूटभर मॅग्नेशियमने लवायला शिकतं, याचं मला अजूनही नवल वाटतं. बदल्यात उष्णता वाहून नेण्याची क्षमता थोडी कमी होते. हा सौदा करूनच पुढे जावं लागतं.

मग बसवण्याची पद्धत. ड्राय लायनरला पाणी लागत नाही, तो ॲल्युमिनियमच्या भिंतीत घट्ट बसतो. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात, तसंच इथेही, फक्त तापतो तो बाहेरचा ब्लॉक आणि गार करतात ते आतलं नळकांडं. पण इंजिन गरम झालं की ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ९० मिमी व्यासावर ८० अंशांच्या वाढीला हा फरक ०.०८ मिमीच्या घरात जातो. लायनर आतून जास्त तापत असल्याने थोडी भरपाई होते, तरी थंडपणी दिलेली पकड बरीच सैलावते. म्हणून लायनरला कॉलर किंवा पायरी हवीच, नाहीतर तो खाली सरकतो.

कॅलिफोर्नियातल्या डार्टन कंपनीची एमआयडी पद्धत वेगळी वाट धरते. जुने सिलिंडर कापून काढायचे आणि जाड एसजीचे वेट लायनर थेट पाण्यात उभे करायचे. खाली ओ-रिंगा, वर एकमेकांना भिडणाऱ्या रुंद कॉलरी. चारही बसले की माथ्याशी अखंड पट्टी तयार होते, पाण्यासाठी फक्त भोकं राहतात. ओपन डेकचा क्लोज्ड डेक होतो. जास्त बूस्टसाठी, म्हणजे टर्बोच्या जादा दाबासाठी, माझा कौल यालाच.

पण उत्तम लायनरही चुकीच्या होनिंगने, म्हणजे बोअरच्या शेवटच्या घासकामाने, वाया जातो. होनिंग झालेल्या बोअरमध्ये डायल बोअर गेज उतरवा: काटा स्थिर. आता ब्लॉकवर जाड टॉर्क प्लेट ठेवून हेडचे बोल्ट पूर्ण कसा आणि पुन्हा मोजा. बोल्टांजवळ काटा एक-दोन शतांश मिलिमीटर सरकलेला दिसेल! डोळ्यांना ठोस दिसणारा ब्लॉक पान्याच्या जोरावर वाकला आहे. म्हणून प्लेट कसलेल्या अवस्थेतच होनिंग करायचं. बोअर तेव्हा गोल असेल, तर हेड बसल्यावरही गोल राहील. दिव्याखाली त्यावर फुलीसारख्या तिरप्या रेघा दिसतात. तेल थांबतं ते त्या रेघांत.

राहिला मोह मोठ्या बोअरचा. या ब्लॉकमध्ये शेजारच्या दोन सिलिंडरांच्या केंद्रांमधलं अंतर ९० मिमी, ते बदलता येत नाही. बोअर ८४ केला की दोन आगींच्या मध्ये ६ मिमीची पट्टी उरते आणि गॅस्केटला तेवढ्यावरच तग धरायचा असतो. ८५ केला तर इंजिन १,९३३ वरून १,९७९ सीसी होतं आणि पट्टी ५ मिमीची. मी ८४ वरच थांबेन. त्या ४६ सीसींचा फायदा जेमतेम अडीच टक्के आहे आणि १ बार बूस्टवर चालणाऱ्या इंजिनात तेवढी हवा बूस्ट ०.०५ बारने वाढवूनही मिळते.